प्रकाशाला फक्त काळं दिसतं

मुरमान्स्कला डिसेंबरात सूर्य उगवत नाही.
दुपारी बाराच्या सुमारास आकाश जरा निळसर होतं,
कुणी दार किलकिलं करावं
आणि आत माणसं बसलीत बघून
हळूच लोटून घ्यावं, तसं.

आमचा हंगाम हाच.
रापलेल्या कातडीवर यंत्र चालवत नाहीत,
आणि इथे रापायला ऊन आणायचं कुठून?
जाळ्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
मी उजेड विकते. झटक्यांवर हिशेब.
वही भरलेली असते: ओठावरची लव, काखा, पोटऱ्या,
एका खलाशाची पाठ, जिच्याबद्दल
खाली कुणाला सांगायचं नाही असं त्याने बजावलंय.

येवदोकिया साव्हेल्येव्ना आली.
बूट काढायलाच तिला दहा मिनिटं लागली.
बंदरावर एकतीस वर्षं क्रेन चालवलेली बाई.
गालावर दोन तपकिरी डाग,
हनुवटीवर सात केस.
सात. घरून मोजून आणलेले.
"नवे दात बसवलेत," ती म्हणाली,
"एवढे पैसे घातले,
आणि लोक बघतात हनुवटीकडे."

मी तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला.
ती एकदम गप्प झाली.
मग म्हणाली, "बालवाडी."

आम्ही चड्डीवर, गोल करून उभे राहायचो, पोरी.
मधे निळा दिवा, डोळ्यांना असेच चष्मे.
बाई म्हणायच्या, हा तुमचा सूर्य, वळा आता,
की आम्ही पाठ द्यायचो त्याला, सगळे एका वेळी.
खोलीला वीज पडून गेल्यासारखा वास यायचा.
माझ्या शेजारी ग्लेब असायचा. त्याला खोकला होता.

एवढंच. ग्लेबचं पुढे काय झालं,
तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
थंडगार जेल लावलं.
"आता मी कॉड मासा," ती म्हणाली.
पहिला झटका: रबर ताणून सोडल्यासारखा.
तिने अंगठा तेवढा हलवला,
वर कुठेतरी एक अदृश्य दांडा खाली-वर झाला असेल.

मग हनुवटी. भिंग धरलं
आणि हात आखडला.
सातच्या सात पांढरे.

हे सांगायचं मला कधीच नीट जमत नाही.
प्रकाश काळ्याचा माग काढत मुळापर्यंत उतरतो,
तिथे जाऊन तापतो.
पांढऱ्या केसाच्या जवळून मात्र
ओळख न दाखवता निघून जातो,
देणं थकलेला माणूस रस्त्यात जातो तसा.
"थोड्या वर्षांपूर्वी आला असतात, तर."
"तेव्हा मी वर होते," ती म्हणाली. "चाळीस मीटरवर.
तिथे हनुवटी कोण बघतं?"

आणि हसली. नव्या दातांनी, सगळ्या.
हसताना ते सात केस थरथरले.
मी त्यांचे पैसे लावले नाहीत.
चिमटा देऊ केला, तिने घेतला,
तिथे वापरला नाही, पर्समध्ये टाकला.

डाग आधी गडद होतात.
हे सांगूनही चौथ्या दिवशी तिचा फोन आला:
"गालावर कॉफीची पूड सांडल्यासारखं झालंय."
पुसू नका, म्हटलं. आपली आपण झडेल.
झडली, असं नंतर कळलं. उशीवर.
"झटकली नाही चादर," ती म्हणाली, "एक रात्र तशीच निजले."
का, ते तिलाही माहीत नसावं.

जानेवारीत सूर्य परत आला.
लोक टेकडीवर गेले, थर्मास घेऊन, पोरं खांद्यावर घेऊन.
तो अर्धा तास असतो पहिल्या दिवशी,
तोही ढग नसतील तर.
दहाच्या ठोक्याला फोन वाजला.
"नियम काय सांगतो? क्रीम लावून जाऊ?"

नियम सांगतो: पन्नास नंबरचं, जाडसर,
अर्धा तास आधी, तीन महिने, रोज.
मी खिडकीतून पाहिलं.
समोरच्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या काचेत
काहीतरी पेटायच्या बेतात होतं.

"गालांना लावा," मी म्हणाले,
"हनुवटी राहू दे."