दुसरा हात

डेनीस म्हणाली, डेक तेवढा करून घे,
लोक आधी मागचं दार उघडून बघतात.
घरं विकते ती, तिला कळत असणार.
म्हणून शनिवारी सकाळी साडेसातला
भाड्याचं सँडिंग मशीन ढकलत होते मी
ज्या फळ्यांवर पुढच्या उन्हाळ्यात
दुसरं कुणीतरी खुर्च्या मांडणार
त्या फळ्यांवर.

ॲक्रनमध्ये मे महिन्यात
सलग तीन कोरडे दिवस म्हणजे लॉटरीच.
मुक्ताने कोलंबसहून बजावलं होतं,
आई, आधी सगळे खिळे ठोकून आत घाल,
नाहीतर काचपेपर फाटेल.
दोनशेच्या आसपास असतील, मोजले नाहीत.
पायरीजवळचा एक वाकडा,
शिरीषने ठोकलेला, दोन हजार नऊचा.
उद्या काढतो, म्हणाला होता.
मी तो तिरकाच आत घातला.
चार घाव जास्त लागले, इतकंच.

मग साठ नंबरचा काचपेपर.
वरचा राखाडी थर गेला,
त्याखाली लालसर, आम्ही लावलेला,
त्याखाली हिरवा, आमच्या आधीच्यांचा
(कुणाला सुचला असेल बाई हिरवा?)
आणि मग एकदम कोरं सीडर.
शिसपेन्सिलीला टोक काढताना येतो
तसा वास. मशीन बंद करून
मी नुसतीच उभी राहिले थोडा वेळ.
भुवयांवर भुसा.

दुपारी तर्जनीत कुसळ गेलं.
एकमेकांच्या डोळ्यांतलं कुसळ, मुसळ
सगळं बोलून झालं होतं आमचं
वकिलांसमोर, तासाच्या दराने.
हे फक्त बोटातलं होतं.
सुईने काढलं.

कुंपणापलीकडून लाइल बघत होता.
एकतीस वर्षं टायरच्या कारखान्यात काढलेला माणूस,
आता डावा खांदा पट्ट्यात.
म्हणाला, रंगाची घाई करू नकोस,
पाणी शिंपडून बघ.
थेंब वर बसून राहिला तर थांब.
लाकूड प्यायलं तर लाव.
मी अंगणात सडा घालावा तसं शिंपडलं.
थेंब बसून राहिले,
चहा न विचारलेल्या पाहुण्यांसारखे.
फक्त जिन्याकडच्या कोपऱ्यात
एक फळी घटाघट प्यायली.
बाकीच्या रात्री कधीतरी तयार झाल्या असाव्यात.
मी झोपले होते. बऱ्याच दिवसांनी, लवकर.

रविवारी रंग.
दुकानात सतरा छटा होत्या आणि प्रत्येकीला
आईस्क्रीमसारखं नाव.
मी सर्वात फिकी घेतली,
लाकूड लाकूडच दिसेल अशी.
डब्यावर लिहिलंय, दोन कोट.
आमच्याकडे सोलापूरला रंगारी म्हणायचे, हात.
पहिला हात झाला की चार तास थांबा,
मग दुसरा हात.

राहिला प्रश्न ग्रिलचा.
चाकं गंजलेली, पोटात लोखंड,
ठेवलं तेव्हा दोघांनी उचललं होतं.
ढकलून पाहिलं, कमरेने पाहिलं,
एकदा चक्क मराठीत शिवी देऊन पाहिलं.
लाइल आला असता, पण त्याचा तो खांदा.
शिरीष वीस मिनिटांवर राहतो.
फोन हातात घेतला, हवामान बघितलं,
परत ठेवला.

मग झोपलेल्या माणसाभोवती केर काढावा
तसा ब्रश फिरवला त्याच्या कडेकडेने.
दोन्ही वेळेला.

अठ्ठेचाळीस तास पाय ठेवायचा नाही.
काचेच्या दाराआड कप धरून उभी आहे.
छान झालाय. जरा जास्तच.
इतक्या वर्षांत इथे बसून
आम्ही किती वेळा चहा प्यायलो असू?
खार आली, कठड्यावर थबकली,
वास घेऊन माघारी गेली.
डेनीसचा मेसेज : फोटो पाठव!!
पाठवला.
ग्रिलच्या खाली हात-दीड हाताचा चौकोन आहे,
राखाडी, लालसर, हिरवा, सगळा जागच्या जागी.
फोटोत दिसत नाही.
मीही काही बोलले नाही.