टंच

रात्री साडेअकराला गौतमी दोन फायली उघडते.
निळी कॅनडाची, पिवळी जर्मनीची.
मिरजेहून ड्यूटी करून विट्याला आलेली,
पायांना सूज, केसांना हॉस्पिटलचा वास.
म्हणते, अण्णा, बसा जरा. तुम्हाला हिशेब कळतो.

कळतो. तीस वर्षं मदुरैत गलाई केली.
लोकांनी मोडीत काढलेलं सोनं मुशीत घातलं,
तेजाबात खोट वेगळी केली,
किती टंच भरलं ते कागदावर लिहून दिलं.
सराफ भांडायचा, पण कागद वाचायचा.

कॅनडा गुणांवर चालतं.
वय, शिक्षण, इंग्रजी, नोकरीची वर्षं, सगळ्याची बेरीज.
ड्रॉ म्हणतात, पण नशीब नाही म्हणे त्यात.
मागच्या खेपेला ही अकराने खाली राहिली.
तिशीनंतर दर वाढदिवसाला गुण उतरतात.
येत्या भाद्रपदात बत्तीस पुरी.
तिची आई विचारते, मग ओवाळायचं का नाही?
कुणीच हसत नाही.

जर्मनी वयाला एवढं धरत नाही.
आधी भाषा आण, म्हणते.
रविवारी सांगलीला, विश्रामबागेत क्लास.
जत, पलूस, तासगावच्या नर्सा बाकावर दाटून बसतात
आणि घोकतात: टेबल तो, दिवा ती, मुलगी ते.
विट्यातही काही घरांत मुलगी 'ते'च असते,
पण मी बोललो नाही.

मग ते तिच्या चार वर्षांचे तास
आपल्या तासांशेजारी ठेवतात
आणि लेखी कळवतात: इथे इथे तूट.
हे मला पटलं.
घट लिहून देणारा माणूस चोर नसतो.
कॅनडा घट सांगत नाही, नुसता आकडा वर गेला म्हणते.
गौतमी म्हणते, अण्णा, ती तूट भरायला वर्ष जातं,
ते वर्ष कोण लिहून देणार?

आणि जन्मदाखला.
तो तमिळमध्ये, मदुरै नगरपालिकेचा.
त्यावर तिच्या नावात डब्ल्यू आणि टी-एच,
दहावीच्या दाखल्यावर यू आणि साधा टी.
कॅनडाला शंभराच्या स्टॅम्पवर चालतं:
या दोघी एकच.
जर्मनीला तमिळमधून शपथेवर भाषांतर लागतं.
मदुरैहून विट्याला आणलेली पोर
आता चेन्नईमार्गे जाणार.

मी गेलो तेव्हा पंधराचा.
आनंदामामाचा पत्ता पाकिटाच्या पाठीवर,
खिशात सात रुपये, आणि गल्ली मला सेट्टू म्हणायची.
व्हिसा नव्हता. म्हणजे कुणी मागितला नाही.
खोली बघायला गेलो की पहिला प्रश्न, ऊर कुठलं?
कुठे चोरी झाली की पोलीस आधी आमच्याच दारात.
चार वर्षांनी एका चेट्टियारने
दहा ग्रॅम हातात देऊन पाठ फिरवली.
त्या पाठीवर कुठलाच शिक्का नव्हता.
पण मी तेव्हा आत आलो.

दुकान मोडलं त्या दिवशी फरशीसुद्धा उखडून धुवायला दिली.
तीस वर्षांच्या धुळीतून साडेचार ग्रॅम निघालं.
तिच्या कानात आहे.
हे कुठल्या फायलीत लावायचं, मला सुचत नाही.

पैसे एकाच फीचे आहेत यंदा.
ती विचारते, कुठं भरू?
मी चष्मा पुसतो. खरं तर पुसायला काही नाही.
दोघांचाही कस आपापल्या दगडावर बरोबरच असेल.
आमच्याकडे निदान सोनं ज्याचं, तो समोर बसायचा,
चहा प्यायचा, ज्वाळेकडे बघत.

ती पिवळी फाईल पुढे ओढते.
अर्जाचं पान गरगरत राहतं, मग उघडतं.
अकरावा रकाना: याआधी दुसरं कुठलं नाव वापरलंय का?
ती माझ्याकडे बघते.
मदुरैत तिला सेट्टूपोण्णु म्हणायचे,
शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत.

ती 'हो' दाबते.
एक रिकामी चौकट उघडते,
तीस अक्षरांची.