जमिनीवरचे बूट

कार्लाइलच्या दफ्तरखान्यात शाईचं पेन आत नेऊ देत नाहीत.
फक्त शिसपेन्सिल, आणि एक फोमची उशी.
तिच्यावर कागद निजवायचा
आजारी माणसासारखा, मान सांभाळून.

अँथनी मॉसप, खलाशी, बंदर व्हाइटहेवन.
सन सतराशे एक्कावन्न, मार्च.
राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
शरीरप्रकृती ठीक असताना
आणि समुद्राचा भरवसा नसताना —
हे शेवटचं कारकुनाचं नसावं,
दोन ओळींच्या मध्ये मागाहून कोंबलंय.

आमच्या घरात तो कायम कप्तान होता.
मार्जरी आत्या तर त्याच्या टोपीची झालरसुद्धा सांगायची.
इथे सहीच्या जागी नांगर काढलाय,
एक दांडा, दोन आकडे, वर कडी.
लिहिता येत नव्हतं त्याला.
आमचा कप्तान बुडाला तो
सकाळी साडेदहाला, टेबल क्रमांक चारवर.

कलमं थोडकीच.
बायको डायना हिला पिसांची गादी, तांब्याची किटली
आणि जहाजाकडे थकलेला सात महिन्यांचा पगार.
मुलगा जोना याला शिडं शिवायची सुई, मेण.
भाऊ लान्सलॉट याला माझे जमिनीवरचे बूट, बकलांसकट.
मुलगी ब्रिजेट हिला
(इथे आत्या नेहमी खोकायची, आणि चहाचं विचारायची)
हॅम्प्टन बंदरी ठेवलेला एक काळा पोरगा,
पगारापोटी मिळालेला,
विकून जे येईल ते.

मार्चमध्येच तो गेला. भरतीला.
मृत्युपत्र कोर्टात आलं ते सतराशे अडुसष्टला.

मधल्या सतरा वर्षांचा कागद नाही.
आत्याचं सांगणं तेवढं आहे, आणि तिने टोपीही सांगितली होती.
पिंपं करणारा टायसन दोनदा विचारून गेला म्हणे.
डायना हेरिंग खारवत होती, कोपरापर्यंत मीठ,
म्हणाली, माझा नवरा वाटेत आहे.
लान्सलॉट बूट मागायला आला.
म्हणाली, नेलेस तर तो धक्क्यावर उतरून
घरापर्यंत काय अनवाणी येईल?
लान्सलॉटने पुन्हा मागितले नाहीत.
तो कोळशाच्या खाणीत होता,
आमच्याकडच्या खाणी समुद्राच्या तळाखालून जातात.
एक भाऊ पाण्यावर, एक पाण्याखाली.
खालचाच आधी मेल्याची नोंद आहे.

मग दोन शेजारी घर मोजायला आले,
कायद्याप्रमाणे. चमचे मोजले. गादी दाबून पाहिली.
यादीत, किटलीच्या खाली:
पुरुषाचे बूट, एक जोड, तळ नवे.
दोन शिलिंग.

तळ नवे.
न चालता तळ झिजत नाही, एवढं मलाही कळतं,
पण खाऱ्या हवेत कातडं तडकतं.
म्हणजे ती ते मोच्याकडे घेऊन गेली असणार.
एकदा? की दर दोन-तीन वर्षांनी,
टोपलीत, वर फडकं टाकून,
टायसनच्या दारावरून?
मोच्याने विचारलं असेल का, कुणाचे?

मी उतरवून घेतलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

आणि पाठीमागे टाचलेली एक चिठ्ठी,
आत्याने कधी न वाचलेली, किंवा वाचून मिटलेली:
हॅम्प्टनहून पोचले, एकोणीस पौंड, ब्रिजेटच्या खाती.
त्यावर तिचं लग्न झालं.
आम्ही ब्रिजेटच्या पोटचे.

एव्हाना त्या पोराला दाढी आली असेल.
नाव लिहिलेलं नाही. वय नाही.
त्याच्याही घरी कुणीतरी काहीतरी
जपून ठेवलं असेल, उन्हात घालून, तेल लावून,
सतरा वर्षं, त्याहून जास्त.
ती यादी कुठल्या दफ्तरखान्यात मागायची,
हे खिडकीतल्या मुलीला विचारायला मी उठले.
ती म्हणाली, जेवणाची सुट्टी झालीय,
उशी जागेवर ठेवा.