वीस तेत्री

आमच्या इमारतीतली लिफ्ट उधारी ठेवत नाही.
आत भिंतीला लोखंडी डबा,
डब्यात वीस तेत्रीचं नाणं टाकायचं,
मग ती खाकरते, कण्हते आणि निघते.
कुताइसीत अशा इमारती चिक्कार.
त्यातल्या एकीच्या नवव्या मजल्यावर मी.

मी एक ॲप बनवलं. नाव : मेझोबेली.
आमच्या भाषेत, शेजारी.
अकरा हजार चारशे शेजारी जमले
आणि कुणी कुणाच्या दाराशी गेलं नाही.

रोज सकाळी सातला मी लिहायची :
उठा. पेटून उठा. आजचा दिवस तुमचा.
(लिहून पुन्हा झोपायची, दहापर्यंत.)
लाल बदाम भराभर वर चढायचे
उकळीच्या बुडबुड्यांसारखे,
आणि फुटायचेही तसेच.
तिबिलिसीचा गुंतवणूकदार विचारायचा,
"परत किती येतात?"
मी आकडा सांगायची.
तो आकडा कधी घरी जेवायला आला नाही.

रेवाज मार्चमध्ये सोडून गेला.
भांडण नाही, काही नाही. चार्जर तेवढा विसरला.
त्या रात्री तीनला मी पहिल्यांदा
फोटोशिवाय लिहिलं :
मला जमत नाहीये.
सहाशे बारा बदाम.
एकजण म्हणाला, हार मानू नकोस, वाघिणी.
त्याच्याच खाली कुणी बुटांची जाहिरात चिकटवली.
उजाडायच्या आत मी ते पुसून टाकलं.

दोन दिवसांनी दूध घेऊन परतले.
खिशात फोन, फोनमध्ये बँक, नाणं एकही नाही.
तेव्हा दिसलं :
डब्याच्या वरच्या कडेला, धुळीत, एक वीस तेत्री.
शेजारी तीन-चार गोल खुणा,
कुणी ठेवलेल्याच्या, कुणी उचललेल्याच्या.
सहा वर्षं मी ह्याच लिफ्टने जाते,
मान खाली, अंगठा वर-खाली.

नाणं टाकलं. लिफ्ट खाकरली
आणि पाचव्या-सहाव्याच्या मध्ये मेली.
दिवा गेला. रेंज गेली.
मी दार बडवलं.

"कोण ते?" वरून एक बाई.
नाव सांगितलं. नावाचा काही उपयोग झाला नाही.
"नवव्यावरची," मी म्हटलं.
"हां, जिचा दिवा रात्रभर जळतो ती!
मला वाटायचं, घरात कुणी आजारी असेल."

त्या त्सियाला. गुडघे गेलेले, तरी पायरीवर बसल्या
आणि फटीतून बोलत राहिल्या चाळीस मिनिटं :
आलुबुखाराच्या चटणीत पुदिना किती,
जावई कसा बिनकामाचा,
आणि मधेच, "आहेस ना गं?"
धीर धर म्हणून एकदाही म्हणाल्या नाहीत.
नुगझार पहार घेऊन आला, शिव्या देत,
लिफ्टला, सरकारला, स्वतःच्या पाठीला.
मागे चौथ्यावरची पोरं, टॉर्च धरून.
दार हातभर सरकलं.
आधी दूध बाहेर गेलं, मग मी.

विचारलं, ती नाणी कोण ठेवतं?
नुगझार पहार पुसत होता.
"ठेवतं कुणीतरी. तुझ्याकडे जास्तीचं असलं की तू ठेव."
एवढंच.
ह्याच्या खाली बदाम लावायची सोय नव्हती.

सातचं लिहिणं मी बंद केलं.
मेझोबेलीत आता एकच चौकोन. वर लिहिलंय : काय हवंय?
नऊ दिवस काहीच आलं नाही.
दहाव्या दिवशी :
जिन्यातला बल्ब गेलाय, शिडी कुणाकडे आहे?
शिडी निघाली, दोन गल्ल्या पलीकडे, एका न्हाव्याकडे.

अकरा हजारांतले एकशे सहा उरले.
गुंतवणूकदाराने वाटाण्याच्या अक्षता लावल्या, अगदी सभ्यपणे.
भाडं थकलंय. पुढच्या महिन्याचं माहीत नाही.
रेवाजचा चार्जर तसाच पडून आहे,
उद्या विचारेन त्याला, हवाय का, आणि कसा आहेस.

बेकरीत मी आता मुद्दाम सुटे मागते.
बेकरीवाली वैतागते.