पाने ४२ ते ५७

वीज गेलीय. काप-हैतियाँच्या या खोलीत
देझिनोर बाई वही खिडकीपाशी आणतात,
बाळंतिणीजवळून मूल उचलावं तशी.

"आधी विचार, कोणी लिहिलंय."
मळ्याचा कारकून. अक्षर घोटीव.
"कुणासाठी?"
मालकासाठी. तो समुद्रापलीकडे, बोर्दोत,
साखरेचा भाव बघत बसलेला.

मी वाचते:
खेचरं एकोणीस. काकवीच्या कढया चार.
झेफिरीन, वय चाळीस, स्वयंपाकीण, भरवशाची, अठराशे.
अल्सिंदोर, कांगोकडचा, डावा हात घाण्यात गेला, तीनशे.
त्याखाली एक तान्हं. नाव नाही. पन्नास.
सगळं एकाच रकान्यात, एकाच शाईत,
आणि बेरीज बरोबर येते.
(मी दोनदा करून पाहिली. का, ते माहीत नाही.)

मग ऑगस्ट, सतराशे एक्याण्णव.
तेवीस तारखेला अक्षर उतरणीला लागतं:
उत्तरेकडे धूर. पाचटाचा असावा.
चोवीसला: पाचटाचा नाही.
पंचवीसला, शेऱ्याच्या रकान्यात,
झेफिरीनपुढे एकच शब्द: गैरहजर.
"भरवशाची" खोडायचं राहून गेलंय.

बाई हसतात. तिथे बोट नेतात, टेकवत नाहीत.
"खोटं बोलत नाही गं हा कागद,
त्याला दिसत नाही फक्त.
तो अठराशेची तूट लिहितो
आणि तिकडे एक बाई डोंगर चढत असते."

पुढे बेचाळीस ते सत्तावन्न ही पानंच नाहीत.
वाळवीनं खाल्लेली नाहीत, वाळवी नागमोडी जाते.
ही फाडलीत, आधी घडी घालून,
पट्टीसारखी सरळ.
शिवणीत काळपट भुकटी अजून आहे.

काडतुसं कागदात वळायचे तेव्हा, मी म्हणते.
आत दारू, वर कागद, टोक दातानं तोडायचं.
म्हणजे अल्सिंदोरचे तीनशे,
त्या तान्ह्याचे पन्नास
कुणाच्या तरी दातांखाली आले असतील,
थुंकले गेले असतील गवतात,
आणि एका हातानं बंदूक भरता येत नाही,
म्हणून त्याच्यासाठी झेफिरीननं...

"पुरावा?"

नाही.

"मग जे आहे तेवढंच लिही."
मी लिहिते: पाने ४२ ते ५७ उपलब्ध नाहीत.
बाई वही मिटतात, स्वतःची बोटं हुंगतात,
आणि काही न बोलता
माझ्या नाकाशी धरतात.