आवाजाच्या मागे

मे महिन्यात वाडीच्या रेंजवर
सकाळी साडेसहालाच बाक तापलेला असतो.
तरी कूलर बंद करायचा आधी.
तराजूचा काटा खसाच्या वासानंसुद्धा हलतो
असं घोडमारे मास्तर सांगायचे
आणि मी पहिली दोन वर्षं ते खरं मानलं.

पितळी पुंगळी अंगठ्याहून जाड,
आत दारू मात्र पळीभर तीर्थाइतकी,
तळाशी, दिसेल न दिसेल अशी.
वर बसवायचं शिसं जड, बोथट,
शेवटच्या पंगतीला बसणाऱ्या मामासारखं,
कसलीच घाई नसलेलं.

गोळी आवाजाच्या मागे राहिली पाहिजे,
एवढंच ऑर्डरीत लिहिलेलं.
आवाजाला ओलांडलं की हवा फाटते,
चाबूक ओढल्यासारखी, पार हिंगणा रोडपर्यंत.
नाही ओलांडलं तर नुसतं धप्प,
शेजारच्या गच्चीवर कुणी गादी टाकली असेल.

"जास्त भरनं कोनालेई जमते, पोरी.
कमी भरून पोचवनं शिक."

कमीची भीती वेगळी.
पुंगळी इतकी रिकामी
की एकाच्या जागी दोन मापं पडली
तरी काठापर्यंत येत नाही, ओरडून सांगत नाही.
म्हणून पन्नास भोकांच्या ठोकळ्यावर
बॅटरी धरून मी एकेकीत डोकावते,
विहिरीत पडलेली कळशी शोधावी तशी.
मग पुन्हा एकदा, उलट्या बाजूनं.

आणि फारच कमी पडलं तर
गोळी नळीतच थांबते.
एकदा थांबली होती.
शेंडे बोल्ट ओढून पुढची सरकवणार,
मास्तरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला फक्त.
प्लेट वाजली नव्हती.
धड कानांच्या आम्हा तिघांना कळलं नाही.
चौतीस वर्षांच्या धडाडधूमनंतर
मास्तरांच्या कानांत शिल्लक होता एक रातकिडा.
ते ऐकत नव्हतेच.
प्लेट झुलते का, ते बघत होते.

नेम धरण्याआधी नळी आभाळाकडे करायची,
म्हणजे आतली चिमूटभर दारू मागे जाऊन बसते,
मग हळूच खाली आणायची, झोपलेलं मूल ठेवतात तशी.
धप्प.
मग मधला वेळ.
शंभर मीटरसाठी तो फार नसतो,
पण तेवढ्यात मला गॅसवरचं दूध आठवतं,
बंद केलं की नाही ते आठवत नाही,
आणि तिकडे ठण्ण.
"वाजली का?" मास्तर दर वेळी विचारायचे.
मी मान हलवायची, ते टिंब करायचे.

डिसेंबरात तीच लॉट पुन्हा काढली.
गोरेवाड्याकडून आलेलं धुकं बाकावर ओलं बसलेलं,
शेंडेच्या तोंडातून वाफ.
थंडीत आवाज हळू चालतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं.
मेमध्ये निमूट मागे चालणारी गोळी
त्या सकाळी तसूभरच पुढे गेली
आणि तिसऱ्या फैरीला
हवा फाटली.
मातीच्या बांधावरून पारवे उठले सगळे.
मी तारीख घातली, तापमान घातलं,
पुढे लिहिलं: नापास.

मास्तरांनी पेन खाली ठेवलं होतं.
"वाजली," ते म्हणाले. विचारलं नाही.
चार दिवसांनी त्यांची नोकरी संपणार होती,
हार-नारळाची वर्गणी माझ्याच पर्समध्ये होती.
"अजून एक मार बे, शेंडे."

शेंडेनं माझ्याकडे बघितलं.
ऑर्डरीत तीनच होत्या.
मी ठोकळ्यातून चौथी उचलली,
बोटांना पितळ बर्फासारखं लागलं,
आणि त्याच्या हातात दिली.
वहीत लिहिलं:
एक फैर जास्त, दुबार खात्रीसाठी.

पारवे परत बसत होते तोवर.
मास्तरांनी कानांवरचं काढून
मांडीवर धरलं होतं.