एक अष्टमांश फेरा

रिबनिकच्या पलीकडे, वाळू उपसून उपसून
जिथे खड्ड्याचं तळं झालं,
तिथे रविवारी आलोइझी काका डिकीतून नाव काढतात.
लाल. दोन पायांची, मधे बोगदा,
साडेतीन सीसीचं इंजिन
आणि वाकडी नळी, शेपटीसारखी.

एकतीस वर्षं ते जमिनीखाली होते.
कोळशाने फुप्फुसं सोडली, कान घेतले.
आता इंजिन किंचाळतं
ते त्यांना फक्त तळहाताला कळतं.
म्हणून मी.
मी बोग्ना, भावाची मुलगी,
रविवारपुरते उसने कान.

"सांग, कसं रडतंय?"
सर्दी झालेल्या गायीसारखं.
ते सुई थोडी आवळतात.
"आता?"
दाताच्या डॉक्टरसारखं.
ते दचकून सुई सोडतात. कोरडं चाललं तर जळेल.
"आता?"
कापड फाडल्यासारखं. पण ओलं कापड.
"हां," म्हणतात, आणि हात पुसतात.

असा आमचा एक शब्दकोश झाला आहे,
पोलिशमध्ये नाही, सिलेशियनमध्येही नाही.
बाकीचं ते डोळ्यांनी वाचतात:
धूर निळा आहे की नुसता भास,
बाजूच्या भोकातून थंडाव्याचं पाणी
पिचकारीसारखं येतंय की शेवाळ अडकलंय.
इंजिनच्या डोक्यावर थुंकीचा थेंब सोडतात,
तो किती वेळ नाचतो ते मोजतात.
एरंडेलाचा वास माझ्या केसांना आठवडाभर राहतो.
शाळेत कोणी विचारलं तर सांगते, औषध आहे.

पण तीन रविवार एकच रड.
काठावर, स्टँडवर, ते गातं.
पाण्यात पहिली फेरी, दुसरी फेरी,
तिसरीत सरळ पट्ट्यावर पूर्ण वेग,
लाल बोयापाशी एकदम गप्प.
आणि नाव तिथेच,
विसरलेल्या चपलेसारखी तरंगते.

मग तेओफिल होडी वल्हवत जातो.
त्याचा दर ठरलेला: खेपेला एक सॉसेज.
या महिन्यात त्याने अकरा खाल्ले.

ग्लो प्लग बदलला.
इंधनाचा नवा डबा फोडला.
टाकीतला वजनी गोळा हलवून पाहिला,
तो आपला इमानी, जिकडे इंधन तिकडे.
शाफ्टला ग्रीस, पंख्याला कानस,
पाती एक अंश वर, मग परत खाली.
"तुझ्या ऐकण्यातच काही चुकतंय," काका म्हणाले,
आणि मग दिवसभर
मला जास्तीची कॉफी ओतत राहिले.

आज त्यांनी एक बारीक नळी काढली,
धुराड्यापासून टाकीपर्यंत जाणारी,
जी इंधन मागून ढकलते.
आपल्या इनॅमलच्या मगात बुडवली,
एक टोक अंगठ्याने दाबलं,
दुसरं तोंडात धरून फुंकलं.

आम्ही दोघं मगात पाहत राहिलो.

एक बुडबुडा.
मग बराच वेळ काही नाही.
मग अजून एक, मोहरीएवढा.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
"त्याला आवाज नसतोच," काका म्हणाले,
"गॅससुद्धा असाच..."
आणि थांबले.
मगातलं पाणी गवतावर ओतलं,
नळीचा तेवढा तुकडा कापला,
नवीन बसवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
"तुझ्या कानांचा दोष नव्हता, पोरी."

तिसरी फेरी. लाल बोया.
कापड फाटत गेलं, फाटत गेलं,
दोन्ही पायांखालून हवा आत शिरली,
नाव पाण्याला जेमतेम टेकत होती.
काका कंट्रोलर माझ्या हाती देऊन
सुईकडे बोट दाखवत होते,
परतल्यावर अष्टमांश फेरा उघडू,
थोडं ओलं राहू दे,
फार तापलेलं काही टिकत नाही.

सहाव्या फेरीत आवाज अचानक चढला,
वर, अजून वर, इतका सुंदर
की मी ओरडले, "मरतंय!"
त्यांनी माझे ओठ वाचले,
निळी रेघ विरळ होताना पाहिली.
"मरत नाही," म्हणाले. "टाकी संपली."

पलीकडच्या काठावर तेओफिल
वल्ही घेऊन केव्हाच उभा होता.
बारावा.